बीव्हीएससीनंतर मास्टर्स करायचंय पण विषय ठरेना. एलपीटी (दूध-मांस-अंडी प्रक्रिया), जनावरांचं न्यूट्रिशन की सरळ परदेशी?

देवणीची_पोर

नमस्कार सगळ्यांना. मी उदगीरला बीव्हीएससी (पशुवैद्यकाची पदवी) केलंय, सध्या इंटर्नशिप चालू आहे, काही महिन्यांत संपेल. पुढं मास्टर्स करायचं हे माझं नक्की आहे पण कशात आणि कुठं यावर घरात रोज चर्चा होते आणि रोज वेगळंच उत्तर निघतं.

पप्पा म्हणायलेत आधी एमपीएससी दे, पशुधन विकास अधिकारी हो, मग काय शिकायचं ते शीक. मामा पुण्याला असतात, ते म्हणतात इथं एमव्हीएससी करून काय मिळणार, बाहेर जा. वर्गातले बरेच जण सर्जरी, गायनॅक नाहीतर मेडिसिन घेणारेत, पुढं स्वतःचं क्लिनिक टाकता येतं म्हणून. मला क्लिनिकमध्ये तेवढा रस नाही हे इंटर्नशिपमध्ये कळलं.

मला कशात रस आहे ते सांगते. आमच्या घरी काही देवणी गाई आहेत आणि सहा एचएफ क्रॉस (होल्स्टीन फ्रिजियन संकरित). दूध गावातल्या संकलन केंद्रावर जातं. दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधात उरलेले घन घटक) धरलेला आहे, खाली गेलं की पॉइंटमागं पैसे कापतात. दर उन्हाळ्यात आमच्या एचएफचं एसएनएफ ८.१, ८.२ वर येतं आणि केंद्रावरचा माणूस आईकडं असं बघतो जसं काही आम्ही पाणी घातलंय. थेंब नसतो घातलेला. कॉलेजात विचारलं तर एलपीटीच्या सरांनी एक कारण सांगितलं, न्यूट्रिशनच्या मॅडमनी दुसरं, आणि दोघांचंही पटलं. तेव्हापासून डोक्यात बसलंय की जनावराच्या खाण्यापासून माणसाच्या ताटापर्यंतची जी वाट आहे त्यावरच काम करायचं. बाहेर काही ठिकाणी फूड आणि अ‍ॅनिमल सायन्सेस असं एकच डिपार्टमेंट असतं असं वाचलं, आपल्याकडं तर हे दोन वेगळे विभाग आहेत.

तर विचारायचं हे की एलपीटी घेऊ का न्यूट्रिशन, त्यात नोकऱ्या खरंच आहेत का, आणि बाहेर जायचं तर पैशाचं कसं जमतं कारण आम्हाला वीस-पंचवीस लाखाचं कर्ज काढणं शक्य नाही. अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

कढई_ते_कोल्डस्टोअर

ताई, मी एलपीटीमध्ये एमव्हीएससी केलंय, आता एका पोल्ट्री प्रोसेसिंग प्लांटला क्वालिटीमध्ये आहे, तर माझ्या बाजूचं सांगतो.

एलपीटी म्हणजे लाइव्हस्टॉक प्रॉडक्ट्स टेक्नॉलॉजी, दूध मांस अंडी तिन्ही येतं पण व्हेटर्नरी कॉलेजांत भर मांसावर जास्त असतो, कारण दुधाचं मोठं काम डेअरी टेक्नॉलॉजीवाले करतात (आपल्याकडे वरूड-पुसद आणि तुझ्याच उदगीरला त्यांचं वेगळं कॉलेज आहे). तुला दूधच करायचं असेल तर हे आधी लक्षात घे. गाइड दुधावर काम करणारा आहे का ते बघ, नाहीतर दोन वर्षं नगेट्स आणि पॅटीज तळण्यात जातील.

रोजचं काम कसं असतं ते कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. प्रथिनं किती ते काढायचं तर केल्डाल, म्हणजे नायट्रोजन मोजून प्रथिनं ठरवायची पद्धत. नमुना, सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि कॅटलिस्ट डायजेशन ट्यूबमध्ये टाकायचं, आधी सगळं काळंकुट्ट होतं, फेस वर येतो, तिथे उभं राहून बघावं लागतं, मग तासाभरानं हळूहळू तपकिरी आणि शेवटी काचेसारखं स्वच्छ निळसर हिरवं होतं. ते झालं की डिस्टिलेशन, बोरिक अ‍ॅसिडमध्ये अमोनिया पकडायचा आणि मग टायट्रेशन. जो नायट्रोजन येतो त्याला मांसासाठी ६.२५ नं गुणायचं आणि दुधासाठी ६.३८ नं. दुधाच्या नमुन्याला ६.२५ वापरून थिसीस छापलेले मी पाहिलेत आणि परीक्षकांनीही ते सोडून दिलेलं पाहिलंय, वाईट वाटतं. ज्याला या बारीक गोष्टीत मन लागतं त्यानंच हा विषय घ्यावा. लॅबमध्ये संध्याकाळी उशिरापर्यंत थांबावं लागतं, स्टोरेज स्टडी असेल तर ठरलेल्या दिवशी नमुना काढायचा म्हणजे काढायचाच, दिवाळी असो की घरचं लग्न.

आणि विषयाबद्दल माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे दरवर्षी चिकन नगेट्समध्ये अमुक पावडर, तमुक सालीची पावडर अशा थिसीस निघतात. शेवगा झाला, डाळिंबाची साल झाली, ओट्स झाले. ८ पॉइंट स्केलवर विभागातल्याच लोकांना चाखायला द्यायचं आणि १० टक्के चांगलं, १५ टक्के नको असा निष्कर्ष काढायचा. यातून पदवी मिळते पण इंडस्ट्रीत मुलाखतीला गेल्यावर कुणी त्यावर दोन मिनिटंही बोलत नाही. माझ्या बॅचच्या एका मुलीनं म्हशीच्या मांसाचा पीएच आणि पाणी धरून ठेवायची क्षमता यावर काम केलं. कापल्यावर २४ तासांत पीएच ७ च्या आसपासून साडेपाचापर्यंत कसा उतरतो, थंड करायची घाई केली तर मांस कडक का होतं, हे तिला आतून कळलेलं होतं. तिला एक्सपोर्ट प्लांटनं घेतलं.

नोकऱ्या आहेत. पोल्ट्री प्रोसेसिंग, म्हशीच्या मांसाचे निर्यात प्लांट, कोल्ड चेनवाल्या कंपन्या. एमपीएससीतून अन्न सुरक्षा अधिकारी होता येतं, त्याला व्हेटर्नरीची डिग्री चालते. नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) काढलं तर असिस्टंट प्रोफेसर. पण पगार सुरुवातीला फार नसतो आणि प्लांट शहरापासून लांब असतात, शिफ्ट असतात. मुलगी म्हणून घरचे काय म्हणतील ते आत्ताच बोलून घे, नंतर ऐनवेळी ऑफर सोडायला लागली की फार त्रास होतो, आमच्याकडच्या दोघींच्या बाबतीत हे झालंय.

रवंथ

वरच्या दादांचं बरोबर आहे पण ताईचा प्रश्न वाचून मला वाटते की ती न्यूट्रिशनकडची आहे. मी नागपूरला न्यूट्रिशनमध्ये पीएचडी करून राहिलो आहे.

हे बघ, उन्हाळ्यात एसएनएफ पडते त्याचं कारण केंद्रावर सापडत नाही, गोठ्यात सापडते. गरमीत गाय खाणं कमी करते, ऊर्जा कमी पडली की दुधातली प्रथिनं खाली येतात. त्यात मार्चनंतर हिरवा चारा संपला की आपल्याकडे ज्वारीचा कडबा नाहीतर सोयाबीनचं भुसकट आणि वरून सरकी पेंड, एवढ्यावरच गाडी चालते. दुसरं म्हणजे छुपा मस्टायटिस (कासदाह), त्यानं लॅक्टोज कमी होते आणि एसएनएफमध्ये लॅक्टोजचाच वाटा सगळ्यात मोठा. दूध दिसायला एकदम चांगलं राहते, कासेला सूज नाही, काही नाही, पण आकडा पडतो. तू इंटर्न आहेस न, मग सीएमटीचं (मस्टायटिस ओळखायची गोठ्यातली चाचणी) किट घे आणि घरच्या सहाही गाईंच्या चारही सडांचं दूध वेगवेगळं तपास. पॅडलमध्ये कुठल्या सडाचं दूध जेलसारखं घट्ट होते ते लिहून ठेव. सोबत रोज किती किलो काय घातलं तेही तोलून लिही, अंदाजानं नको. महिनाभर हे केलं तर तुला स्वतःलाच कळून जाईल की तुझा जीव कुठे रमतो, गोठ्यात का लॅबमध्ये.

न्यूट्रिशनमधलं काम म्हणजे काय, तर चाऱ्याचं विश्लेषण, इन विट्रो (जनावराबाहेर, काचेच्या भांड्यात पचन बघणं) आणि जनावरांवरच्या फीडिंग ट्रायल. इन विट्रोला सकाळी लवकर रुमेन लिकर (जनावराच्या पहिल्या पोटातला रस) आणायचं, मलमलच्या कापडातून गाळायचं, कार्बन डायऑक्साइड सोडत ३९ डिग्रीला ठेवायचं, वेळ घालवला की आतले जीव मरतात आणि सगळा दिवस वाया. मग काचेच्या सिरिंजमध्ये चाऱ्याचा नमुना आणि ते लिकर भरायचं आणि २४ तासांत दट्ट्या किती वर सरकला ते वाचायचं. जेवढा गॅस तेवढा चारा पचला. जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात मेंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली, आजही जगभर तीच वापरतात. पहिल्यांदा तो दट्ट्या सरकताना पाहिला की विश्वास बसत नाही की हे सगळं गाईच्या पोटात रोज होऊन राहिलं आहे.

ट्रायलला मात्र वेळ लागते. प्राणी नैतिकता समितीची परवानगी, सारख्या वयाच्या आणि सारख्या वेताच्या गाई मिळणं, त्यातली एखादी मधेच आजारी पडणं. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) उशिरा मंजूर झाला आणि उन्हाळ्यातली ट्रायल पावसाळ्यात गेली असं पण होते. म्हणून गाइडला पहिल्याच भेटीत विचार की फार्मवर जनावरं किती आहेत आणि कुणाची ट्रायल आधीच लागली आहे.

नोकरीचं म्हणशील तर पशुखाद्य कंपन्या, मिनरल मिक्श्चर आणि फीड अ‍ॅडिटिव्हवाल्या कंपन्या, दूध संघांचे पशुखाद्य कारखाने. टेक्निकल सर्व्हिसला फिरती खूप राहते पण पैसा बरा मिळते.

प्रवेशाबद्दल एक सांगतो. आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषद) पीजी प्रवेश परीक्षा दे, सोडू नको. इज्जतनगरचं आयव्हीआरआय (पशुवैद्यकीय संशोधन संस्था) आणि करनालचं एनडीआरआय (दुग्ध संशोधन संस्था) दोन्ही त्यातूनच मिळते, आणि रँक चांगली आली तर स्कॉलरशिप पण. आयव्हीआरआय तर मुळात १८८९ मध्ये आपल्या पुण्यातच सुरू झालं होतं. तिथली उपकरणं आणि लायब्ररी पाहिली की फरक कळते. माफसूसाठी (महाराष्ट्राचं पशुवैद्यकीय विद्यापीठ) इथला अर्ज वेगळा भर, दोन्ही सोबत चालू ठेव.

अलाबामाहून

मी अमेरिकेत मास्टर्स करतेय, मूळची सांगलीची. बाहेरचं मी सांगते कारण मामा लोक "बाहेर जा" एवढंच सांगतात आणि कसं ते सांगत नाहीत.

तू वाचलंस ते खरं आहे, फूड आणि अ‍ॅनिमल सायन्सेस एकत्र असलेली डिपार्टमेंट इथे आहेत. हंट्सविलजवळच्या अलाबामा ए अँड एममध्ये तर नावच फूड अँड अ‍ॅनिमल सायन्सेस आहे. ती १८९० च्या लँड ग्रँट कायद्यातली युनिव्हर्सिटी आहे, म्हणजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उभ्या राहिलेल्या कृषी विद्यापीठांपैकी. अशा ठिकाणी अर्ज करायचा आपल्या मुलांच्या डोक्यात येत नाही, सगळे चार-पाच मोठ्या नावांच्या मागे असतात. पण रिसर्च मास्टर्समध्ये युनिव्हर्सिटीच्या नावापेक्षा प्रोफेसरकडे ग्रँट आहे का नाही यावर सगळं ठरतं. ग्रँट असेल तर तो तुला रिसर्च असिस्टंटशिप देतो, फी माफ होते किंवा बरीच कमी होते आणि आठवड्याला २० तासांच्या कामाचे पैसे मिळतात. त्यात जपून राहिलं तर राहणं-खाणं निघतं. ग्रँट नसेल तर अ‍ॅडमिशन मिळूनही उपयोग नाही, कारण मग तेच कर्ज आलं जे तुला नकोय. म्हणून अर्जाची फी भरायच्या आधी प्रोफेसरना ईमेल कर. त्यात "आय अ‍ॅम हार्डवर्किंग" वगैरे लिहू नकोस, तुझ्या गाईंच्या एसएनएफचं जे वर लिहिलंयस तेच लिही, सीएमटी केलीस की ते आकडे टाक, आणि त्यांचा एखादा पेपर खरंच वाचून त्यावर एक प्रश्न विचार. बरेच जण उत्तर देत नाहीत, ते मनाला लावून घेऊ नको.

दोन गोष्टी आधीच माहीत असू देत. इथे एमएस केलं म्हणजे तू इथली व्हेट होत नाहीस. प्रॅक्टिससाठी ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह (बाहेरची व्हेट पदवी तपासून मान्य करणारे कार्यक्रम) आणि मग नॅव्हले ही लायसन्सची परीक्षा, तो रस्ता वेगळा, लांब आणि महाग आहे. दुसरं म्हणजे शिक्षणानंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी) एक वर्ष काम करता येतं, कोर्स स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत) बसत असेल तर आणखी २४ महिने. पण व्हिसाचे नियम सारखे बदलतात, त्याच्या भरवशावर कर्ज काढू नये असं मी कळकळीनं सांगते. माझ्या ओळखीतल्या एकीनं काढलंय आणि तिचा जीव त्या हप्त्यात अडकलाय.

शिकायला काय मिळतं विचारशील तर इथे अलाबामा आणि जॉर्जिया म्हणजे ब्रॉयलरचा पट्टा. प्लांटमध्ये कापलेली कोंबडी चिलरमधून (गार पाण्याच्या टाकीतून) जाते, पाण्यात जंतू मारायला पेरासेटिक अ‍ॅसिड असतं, आणि आम्ही चिलरच्या आधी आणि नंतर कोंबडी धुवून घेतलेलं पाणी लॅबमध्ये आणून त्यात साल्मोनेला हा जंतू आहे का ते बघतो. आपल्याकडे कोंबडी दुकानात डोळ्यासमोर कापून घरी येते, चिलर मधे येतच नाही, तर इथलं उत्तर तिथे जसंच्या तसं लागू पडत नाही. हे इथे शिकताना सतत डोक्यात ठेवावं लागतं. सांगलीच्या बाजारातल्या दुकानांचा असा अभ्यास कुणीतरी नीट करायला हवा असं मला फार वाटतं.

मुरघास_मामा

जर्मनीचं राहिलं म्हणून थोडक्यात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण होहेनहाइम ज्या राज्यात आहे तिथे युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. ग्योटिंगेनला ती नाही. फी नसली तरी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला (महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणारं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, अर्ज करताना ताजा आकडा बघून घे, तो वाढत असतो. शिवाय एपीएस सर्टिफिकेट (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, त्याला वेळ ठेव. नेदरलँड्सचं वागेनिंगन या विषयात जगात पहिल्या रांगेत आहे पण आपल्याला फी झेपत नाही, स्कॉलरशिप असेल तरच विचार कर. डाडच्या (स्कॉलरशिप देणारी जर्मन संस्था) काही स्कॉलरशिपला दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, त्यामुळे आधी इथे नोकरी करणं काही वाया जात नाही.

दवाखाना_श्रेणी_१

मी पशुधन विकास अधिकारी आहे, कोल्हापूर भागात. तुझ्या वडिलांची बाजू कुणीच घेतली नाही म्हणून लिहितोय.

बाळ, ते चुकीचं सांगत नाहीत. नोकरीची शाश्वती आहे, गावं फिरायला मिळतात आणि शेतकऱ्याचं खरं दुखणं काय ते रोज समोर येतं. आमच्यातले दोघं नोकरीत राहून एमव्हीएससी करून आले. पण जाहिरात कधी येईल याचा नेम नाही आणि आली तरी परीक्षा, मुलाखत, नेमणूक यात वर्षं जातात. त्या काळात नुसतं अभ्यासिकेत बसून राहिलेली हुशार पोरं मी बघितलीत, हातातली विद्या गंजते. त्यामुळे मी म्हणेन मास्टर्सला प्रवेश घे आणि जाहिरात आली की फॉर्म भर. दोन्ही एकावेळी होतं, अनेकांनी केलंय. आणि वडिलांना हे असंच सांग, "नोकरी नको" असं सांगू नकोस.

आमच्याकडं गोकुळच्या पट्ट्यात दुधाचा हिशेब बाईमाणसाला तोंडपाठ असतो. तिथं एसएनएफ का पडलं हे समजावून सांगणारा डॉक्टर फार कमी भेटतो, आम्ही इंजेक्शन देऊन पुढच्या गोठ्यावर जातो कारण दिवसाला तेवढ्या केसेस असतात. तू हे काम धरलंस तर माणसं तुला धरून ठेवतील.

देवणीची_पोर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. पप्पांना दवाखाना सरांची पोस्ट वाचून दाखवली, ते म्हणाले बरोबर आहे, फॉर्म भरणार असशील तर माझी ना नाही.

सीएमटी काल केली. सहापैकी दोन गाईंच्या एकेका सडाचं दूध लगेच घट्ट झालं, आणि त्या दोन्ही गाई बाहेरून एकदम ठणठणीत आहेत. आई शेजारी उभी होती, तिनं पॅडल हातात घेऊन परत परत तिरकं करून बघितलं आणि म्हणाली हे त्या केंद्रावाल्याला दाखव.

मी न्यूट्रिशनकडं झुकलेय. अजून एक विचारते. आमच्या देवणीचं दूध आता काही जण ए२ म्हणून चढ्या भावानं मागतात, तूप तर अजूनच महाग. यावर मास्टर्सचा विषय होऊ शकतो का?

कढई_ते_कोल्डस्टोअर

होऊ शकतो पण जपून. ए१ आणि ए२ मधला फरक बीटा केसीन या प्रथिनातल्या ६७ व्या जागेवरच्या एका अमिनो आम्लाचा आहे, ए२ मध्ये तिथे प्रोलीन असतं, ए१ मध्ये हिस्टिडीन. देशी गाईंत ए२ चं प्रमाण जास्त असतं हे खरं. पण तूप म्हणजे जवळजवळ सगळी चरबी, प्रथिन त्यात नावालाच, मग ए२ तूप या शब्दाला काय अर्थ उरतो ते तूच बघ. एफएसएसएआयनं (देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) ऑगस्ट २०२४ मध्ये हे लेबल काढायला सांगितलं होतं आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला, म्हणजे वाद अजून मिटलेला नाही. आरोग्याचे दावे सिद्ध करणं एमव्हीएससीच्या दोन वर्षांत बसत नाही. पण देवणीच्या दुधाचं वेगवेगळ्या हंगामातलं आणि वेगवेगळ्या चाऱ्यावरचं फॅट, प्रथिन, लॅक्टोज नीट मोजणं हे बसतं, आणि त्याच्याशी शेजारच्या एचएफ क्रॉसची तुलना. तुझ्या घरीच दोन्ही आहेत, गावात तर आणखी मिळतील.

रवंथ

हो, हाच विषय धर. न्यूट्रिशनमध्ये घे आणि सल्लागार समितीत एलपीटीचे एक सर घे, म्हणजे दोन्ही बाजू होऊन जातात. गाइडशी बोलायला जाण्याआधी कृषिकोशवर (कृषी विद्यापीठांच्या थिसीसची वेबसाइट) देवणी टाकून जुन्या थिसीस शोध, फुकट वाचता येतात. आधी कुणी काय मोजलं आणि कुठल्या महिन्यांत मोजलं ते वहीत उतरवून घे. उन्हाळ्याचे महिने कुणी सोडले असतील तर तिथूनच तुझा सिनॉप्सिस सुरू होईल. आणि त्या दोन गाईंचं दूध वेगळं काढायला लाग, धार शेवटी काढ, आणि कल्चरला नमुना पाठवल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करू नको.